बाबांचं सगळं झालं, पण मला त्यातलं काहीच कळलं नाही

एका मैत्रिणीचं पत्र आहे. वय ३६, लग्न झालेलं, आईवडिलांची एकुलती एक. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. दहा महिन्यांपूर्वी तिचे बाबा गेले. पहाटे हॉस्पिटलमधून फोन आला आणि दुपारी बाराच्या आत सगळं आटोपलं होतं. अग्नी चुलतभावाने दिला, कारण "मुलगी कशी देणार" असं कोणीतरी म्हणालं आणि त्यावर बोलत बसायला तेव्हा कोणालाच वेळ नव्हता. ती हट्टाने स्मशानात गेली पण मागेच उभी राहिली. गुरुजी काय म्हणतायत, मडकं का फोडलं, काही कळलं नाही आणि रडूही आलं नाही. घरी आईच्या बांगड्या फोडल्या तेव्हा ती दुसऱ्या खोलीत होती. दहाव्याला पाऊण तास कावळा शिवला नाही, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा लावला, आणि आत्या म्हणाली, "दादाचं काहीतरी राहिलं मनात." ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नाहीये. आता दोन महिन्यांवर वर्षश्राद्ध आलंय. नवरा म्हणतो हे सगळं सोडू आणि त्या पैशात गरजूंना जेवण देऊ. आईला मात्र सगळं रीतसर हवंय, आणि मागच्या आठवड्यात आई सहज म्हणाली, "माझं मात्र तूच कर." तिचा प्रश्न असा की जे कळत नाही ते करत राहणं हा खोटेपणा नाही का, आणि आईला तिच्या शेवटाबद्दल आत्ताच विचारणं अभद्र नाही का.

प्रिय मैत्रिणी,

आधी कावळ्याचं बोलते, कारण बाकी पत्र तू खूप सावरून लिहिलंयस आणि त्या एका ठिकाणी येऊन तुझा धीर सुटलाय.

पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा कशात अडकलेली नाही असं आपल्याकडे मानतात. नाही शिवला की घरचे एकेक जण पुढे होतात, हात जोडतात आणि मोठ्याने सांगतात, आईला सांभाळू, धाकट्याचं शिक्षण पूर्ण करू, जमिनीवरून भांडणार नाही. तरीही नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. हा दर्भाचा कावळा म्हणजे तुमच्या गुरुजींनी ऐनवेळी काढलेली पळवाट नाही गं, तो रीतीतच आहे, पिढ्यानपिढ्या. म्हणजे ज्यांनी हे बसवलं त्यांना पक्कं माहीत होतं की कावळा कधीकधी येत नाही, आणि त्या घरातल्या माणसांनी अपराधी मनाने घाटावरून परत जाऊ नये याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली. शिवाय ज्या घाटावर एकाच सकाळी आठ-दहा घरांचे पिंड मांडलेले असतात तिथे कावळ्यांची पोटं केव्हाच भरलेली असतात. आत्या जे बोलली ते तिच्या दुःखातून बोलली, तिचा भाऊ गेला होता. ते बाबांनी पाठवलेला निरोप म्हणून सांभाळून ठेवू नकोस. त्यापेक्षा त्या पाऊण तासात कोणी काय काय कबूल केलं ते आठव. तुझ्या मनात काही आलं होतं का, जे तू बोलली नाहीस? मला वाटतं त्या थांबण्याचा खरा उपयोग तोच असतो.

आता मूळ मुद्दा. तू धरून चाललीयेस की मला कळलं नाही म्हणजे ते नीट झालं नाही. दुसरं असं धरलंयस की एकतर सगळं श्रद्धेने करायचं नाहीतर सगळं सोडायचं. ही दोन्ही गृहीतकं जरा बाजूला ठेव आणि त्या दिवशी काय काय झालं ते माझ्याबरोबर परत एकदा बघ. प्रत्येक गावाची, जातीची, घराची रीत वेगळी असते, लिंगायतांमध्ये तर दफनच करतात, त्यामुळे मी सांगतेय त्यातलं काही तुमच्याकडे नसेलही.

याला अंत्येष्टी म्हणतात, अंत्य इष्टी, म्हणजे शेवटचा यज्ञ, सोळा संस्कारांमधला शेवटचा. यज्ञात काहीतरी अर्पण करतात ना, इथे माणसाचा देहच अर्पण करायचा असतो, म्हणून आधी त्याला अंघोळ, कोरं वस्त्र, तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजळ. आजारपणात नळ्या लावलेलं, उशीपांघरुणात विस्कटलेलं शरीर परत माणसासारखं करायचं, आणि तेही घरच्यांच्या हातांनी. तू लिहिलंयस की बाबांच्या पायाला तू चंदन लावलंस. मग तू "काहीच केलं नाही" असं का म्हणतेस?

मग तिरडी. बांबू, कामट्या, सुतळी, म्हणजे घरातली कुठलीही वस्तू नाही, त्याच दिवशी त्याच कामासाठी बांधायची आणि तिथेच संपवायची. तिरडीच्या पुढे विस्तवाचं मडकं घेऊन जो चालतो तो कर्ता, पुढचं सगळं त्याच्या हातून. वाटेत एका ठिकाणी तिरडी खाली ठेवतात, तो विसावा, तिथे खांदेकरी पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात. जुनी माणसं सांगतात की जीव खरंच गेलाय ना याची ती शेवटची खात्री असायची. आता ॲम्ब्युलन्समधून नेतात म्हणून विसावा स्मशानाच्या फाटकाशी दोन मिनिटांत उरकतात आणि नवीन माणसाला ते काय चाललंय हे कळायच्या आत परत उचललेलं असतं. तुझंही तसंच झालं असणार.

आणि मग ते मडकं, ज्याबद्दल तू तीन वेळा लिहिलंयस. चितेला अग्नी दिल्यावर कर्ता पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन उलट्या दिशेने तीन फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरीला मागून कोणीतरी दगडाने मडक्याला एक भोक पाडतं, पाण्याची धार लागते, आणि शेवटी मागे न बघता ते खांद्यावरून मागे टाकून फोडायचं. मडकं म्हणजे देह आणि पाणी म्हणजे प्राण असा त्याचा अर्थ लावतात. ज्या दगडाने भोक पाडतात तो अश्मा, काही ठिकाणी त्याला जीवखडा म्हणतात. तो टाकून देत नाहीत, दहा दिवस जपून ठेवतात, गेलेला माणूस त्या दगडात आहे असं समजून त्याच्यावर तिळाचं पाणी सोडतात आणि मग पाण्यात सोडतात. देह जळून गेला पण तुम्ही एकदम रिकाम्या हाताने घरी आला नाहीत, हातात मावेल एवढं काहीतरी आणखी दहा दिवस होतं. मला स्वतःला सगळ्या विधीतला हा भाग फार शहाणा वाटतो.

मडकं फुटल्यावर कर्ता तोंडावर उलटा हात मारून बोंब मारतो. तुझ्या चुलतभावाने मारली असेल, किंवा शहरात बऱ्याचदा लाजून हळूच मारतात तशी मारली असेल. माझे वडील गेले तेव्हा माझा भाऊ, जो घरात सगळ्यात कमी बोलणारा, सकाळपासून यादी हातात घेऊन फिरत होता, फोन घेत होता, डोळ्यात टिपूस नाही, त्याने ती बोंब मारली आणि ती त्याला थांबवताच येईना. मी मागे उभी होते, तुझ्यासारखीच. त्याला रडण्यासाठी कोणीतरी "आता" असं सांगायला लागलं. तू रडली नाहीस याचं कारण तू दगड आहेस हे नाही, तुला त्या दिवशी कोणी "आता" म्हटलंच नाही, तुझ्या वाट्याला कुठलीच कृती आली नाही. तुझं दुःख विधी न कळण्याचं कमी आहे आणि विधीतून बाजूला ठेवलं गेल्याचं जास्त आहे, असं मला पत्र वाचून वाटलं. चुकत असेन तर सांग.

पुढच्या दिवसांचं थोडक्यात सांगते. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात, सावडणं म्हणतात त्याला, शहरात हल्ली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. विद्युतदाहिनी असेल तर काही तासांतच अस्थी हातात देतात. मग त्या नाशिकला रामकुंडात, आळंदीला किंवा जवळच्या नदीत. सुतक भावकीला दहा दिवस, लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं तीन दिवस. हे तीन दिवसांचं ऐकून तुला राग आला होता ना? मलाही आला होता. पण सुतक म्हणजे दुःखाचं माप नाही, ते कुठल्या घरात कोणी देवपूजा करायची याचा हिशोब आहे. तुला बाबांसाठी किती दिवस बसायचंय हे त्यावरून कोणी ठरवू शकत नाही. सुतकातला खरा ऐवज म्हणजे घरात चूल पेटत नाही आणि शेजारीपाजारी, नातेवाईक पिठलं-भात घेऊन येतात, म्हणजे घरच्यांनी काही करायचं नाही, फक्त बसायचं, येईल त्याला तेच ते परत सांगायचं. पन्नास वेळा सांगून झालं की पहाटेचा फोन खरा वाटायला लागतो.

दहा दिवस रोज एक पिंड, त्यातून गेलेल्याला पुढच्या वाटेसाठी अवयव अवयव करून नवं शरीर मिळतं असं गरुडपुराणात आहे. बाराव्याला सपिंडीकरण. हे मात्र नीट समजून घे, कारण वर्षश्राद्धाचा सगळा अर्थ इथे आहे. तोपर्यंत माणूस "प्रेत" असतो. हा शब्द आपण भीतीने वापरतो पण मुळात त्याचा अर्थ पुढे निघून गेलेला एवढाच. सपिंडीकरणात बाबांच्या नावाच्या पिंडाचे तीन भाग करतात आणि ते त्यांचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या पिंडांत मिसळतात. त्या क्षणापासून ते प्रेत नाहीत, पितर झाले, त्यांच्या माणसांत जाऊन बसले. पूर्वी हे वर्ष संपताना करायचे, पुढे बाराव्या दिवशी आणलं. तेराव्याला गोडाचं जेवण, नातेवाईक कपडे देतात, म्हणजे बाहेरची माणसं येऊन तुम्हाला सांगतात की आता तुम्ही रंगीत घाला, गोड खा, चालतं. हे स्वतःचं स्वतःला सांगता येत नाही.

आता कोणी करायचं. शास्त्रात अधिकाऱ्यांचा जो क्रम आहे त्यात मुलगा-नातू आधी येतात हे खरं, पण पुढे पत्नी आणि मुलगीही येतात, म्हणजे तुझ्यासारख्या एकुलत्या एक मुलीचा विचार झालेला आहे. कायद्यात तर अग्नी कोणी द्यायचा याची काहीच अट नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिबा फुले गेले तेव्हा दत्तक मुलगा यशवंत याने टिटवं, म्हणजे तिरडीपुढचं ते विस्तवाचं मडकं, धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि पुढे चालायला लागल्या. २०१४ मध्ये परळीत गोपीनाथ मुंडेंना अग्नी पंकजा मुंडेंनी दिला, तो सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितला. त्यामुळे "मुलगी कशी देणार" याला उत्तर आहे, ते त्या सकाळी कोणाच्या तोंडात नव्हतं इतकंच. चुलतभावावर राग धरू नकोस, त्याने त्या क्षणी त्याच्यापुढे आलेलं काम केलं. पण आईच्या वेळी हे आधी ठरलेलं असू दे आणि चार महत्त्वाच्या माणसांना, आत्याला सुद्धा, आधी सांगितलेलं असू दे, तेही आईच्या तोंडून. स्मशानाच्या दारात वाद जिंकता येत नाहीत.

एक भाग असा आहे जिथे मी दोन्ही बाजू मांडणार नाही. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं. याने गेलेल्याला काही मिळत नाही, मागे राहिलेल्या बाईला चारचौघांत अपमान मिळतो, तोही तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. तुझ्या आईच्या बाबतीत ते होऊन गेलं, पण आई सत्तरीची आहे म्हणजे आता काय उपयोग असं समजू नकोस. बाजारात जा, बांगड्या आण, तिच्यासमोर ठेव. घालेल किंवा नाही घालणार, ते तिचं तिला ठरवू दे.

वर्षश्राद्धाचं सांगायचं तर नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही, अन्नदान कधीच वाया जात नाही, पण तो उपाय त्याच्या अडचणीवर आहे, तुझ्या नाही. तुला बाबांसाठी हाताने काहीतरी करायचं राहिलंय. म्हणून मला वाटतं ते कर, आणि तूच कर. आजच गुरुजींना फोन कर, यादी ऐकून घेण्याआधी दोन गोष्टी विचार, एक म्हणजे मी मुलगी आहे, मी करणार आहे, तुम्ही सांगाल का, आणि दुसरं, प्रत्येक ठिकाणी थांबून मराठीत अर्थ सांगाल का. चांगले गुरुजी आनंदाने सांगतात, कोणी विचारत नाही हीच त्यांची तक्रार असते. ते नाही म्हणाले तर दुसरे बघ. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने कितीतरी वर्षं स्त्री पुरोहित तयार केल्यात, त्या अर्थ सांगून विधी करतात. गुरुजी नकोच असतील तर तीही वाट आपल्याकडे जुनी आहे, फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हापासून लोक भटजींशिवाय संस्कार करत आलेत. त्या दिवशी तीन पिढ्यांची नावं घेतात, ती आईकडून आधी लिहून घे. पणजोबांचं नाव तुला माहीत आहे का? बहुतेकांना नसतं. आणि तिलांजली देताना, म्हणजे अंगठ्याच्या बाजूने तीळपाणी सोडताना, मनात मंत्राऐवजी बाबांशी बोललीस तरी चालेल. यात खोटेपणा कुठे येतो? अर्थ पूर्ण कळल्यावरच कृती करायची असं ठरवलं तर माणसाला कोणाला मिठीही मारता येणार नाही.

शेवटचं आईचं. अभद्र काही नाही, तिने स्वतः विषय काढलाय, म्हणजे तिला बोलायचंय, तूच दचकून विषय बदललास असं तू लिहिलंयस. सणाच्या दिवशी नको, दवाखान्यातून आल्या आल्या नको, दोघी भाजी निवडत बसलेल्या असताना विचार. "तू 'तूच कर' म्हणालीस ना, मग मला सांग काय काय करू" एवढंच. लाकडं की विद्युतदाहिनी, अस्थी कुठे, कोण आलंच पाहिजे, कोणती साडी. नेत्रदान हवं का हे नक्की विचार, कारण ते साधारण सहा तासांच्या आत व्हायला लागतं आणि त्या सकाळी कोणाला सुचत नाही, देहदान असेल तर मेडिकल कॉलेजचा फॉर्म आधीच भरून ठेवायचा असतो. पेसमेकर असेल तर तो दहनाआधी काढावाच लागतो, आगीत फुटतो, हे घरातल्या एकाला तरी माहीत हवं. माणूस घरीच वारला तर मृत्यूचं कारण लिहिलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय स्मशानात घेत नाहीत, म्हणून रात्रीबेरात्री घरी येणारे डॉक्टर कोण हे बघून ठेव. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची आणि दाखल्याच्या प्रती भरपूर घ्यायच्या, बँक, पेन्शन, घर, सगळीकडे लागतात. ही कागदांची बाजू नवऱ्याला दे, त्याला विधी पटत नाहीत पण हे तो मनापासून करेल.

मी माझ्या आईला विचारलं होतं. मला वाटलं ती अस्थींचं सांगेल, नदीचं सांगेल. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मला जाताना कुंकू लावाल?" वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि तेवढी सगळी वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं. सवाष्ण गेली तर हळदकुंकू लावतात, हिरवी साडी नेसवतात, ओटी भरतात, विधवेला काही नाही. आम्ही तिला लावलं, ठसठशीत. दोन मावश्या कुरकुरल्या, पण तिने सांगितलंय म्हटल्यावर गप्प झाल्या.

आईशी बोलशील तेव्हा वही जवळ ठेव, ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घे आणि खाली तिची सही घे. आणि सावकाश घे, ती पहिल्यांदा जे सांगेल ते बहुतेक तुझ्या सोयीचं असेल, खरं जे आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येतं.

तुझी,
ताई